कुरणशाळेनंतर काय? डहाणू-तलासरीच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालय कसे निवडावे

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो : आता पुढे कुठे? डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर हा प्रश्न नेमका भातलावणीच्या तोंडावर येऊन उभा राहतो. आईवडील दिवसभर चिखलात असतात, पाऊस थांबत नाही आणि प्रवेशअर्जाची मुदत तर संपत आलेली असते. अशा घाईत निर्णय होतो. शेजारच्या पाड्यावरचा मुलगा ज्या महाविद्यालयात गेला तेथेच आपलाही जातो. किंवा वसई-मुंबईला एखादे नातेवाईक असतील तर त्यांच्या घराजवळचे महाविद्यालय ठरते. मुलाला काय शिकायचे आहे हे कधीकधी विचारले जाते. तो कसा जगत आला आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

हा विद्यार्थी कसा जगत आलेला असतो? तो पहाटे उठतो. शाळेला डोंगरवाट तुडवत जातो. सुटीच्या दिवशी गुरे राखतो, खेकडे धरतो, चिकूच्या वाडीत कामाला जातो. किनाऱ्यावरचा असेल तर वडिलांबरोबर होडीवर जातो. संध्याकाळी कबड्डी किंवा फुटबॉल खेळल्याशिवाय त्याचा दिवस संपत नाही. पावसाची चाहूल, झाडांची नावे, भरती-ओहोटीची वेळ या गोष्टी त्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असतात. असा मुलगा किंवा मुलगी एखाद्या गजबजलेल्या शहरातील, मैदान नसलेल्या इमारतीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसू लागते. परक्या भाषेतील व्याख्याने आणि दाटीवाटीची खोली यांत तिचा जीव गुदमरतो. दिवाळीच्या सुटीत विद्यार्थी घरी येतो आणि परत जात नाही. ‘अभ्यास झेपला नाही’ असे सर्वजण म्हणतात. पुष्कळदा अभ्यास झेपण्यासारखाच असतो, चुकलेली असते ती जागा.

म्हणून महाविद्यालय निवडताना अभ्यासक्रम आणि विद्यार्थ्याची जगण्याची रीत या दोन्ही बाजूंचा मेळ घालावा लागतो. हा मेळ कसा घालता येईल, याचा विचार या लेखात केला आहे.

कोसबाडच्या टेकडीने दिलेला धडा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला दूर जाण्याची आवश्यकता नाही. डहाणू तालुक्यातच ते एकदा सापडले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले शाळेत येत नसत, कारण सकाळी गुरे घेऊन रानात जाणे हे त्यांचे काम होते. मुले आळशी आहेत, त्यांना शिक्षणाची गोडी नाही, असा सोपा निष्कर्ष काढून या दोघी मोकळ्या झाल्या नाहीत. त्यांनी शाळाच कुरणावर नेली. गुरे चरत राहिली आणि झाडाच्या सावलीत मुले शिकू लागली. दगड, पाने, बिया हे शिकण्याचे साहित्य झाले. हीच ‘कुरणशाळा’ होय. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला.

कुरणशाळेचे तत्त्व साधे आहे. मुलाच्या जगण्याशी भांडून शिक्षण रुजत नाही, त्या जगण्याचा हात धरून ते रुजते. मात्र प्राथमिक शाळा कुरणावर येऊ शकते, तसे महाविद्यालय येऊ शकत नाही. तेथे विद्यार्थ्यालाच आपले कुरण शोधत जावे लागते.

आवड आणि व्यवसाय यांतील भेद

शोधाला निघण्यापूर्वी एक भेद ध्यानात घ्यावा. मोकळ्या हवेत राहण्याची आवड असणे ही एक गोष्ट आहे; मोकळ्या हवेतील काम हाच आयुष्याचा व्यवसाय करणे ही दुसरी गोष्ट आहे.

एखाद्या मुलीला हिशेबात गती आहे आणि तिला रोज धावण्याची सवय आहे. तिने धावपटू किंवा वनाधिकारी व्हावे असे नाही. तिला वाणिज्य शाखेचे चांगले महाविद्यालय हवे; परंतु तेथे मैदान असावे, वर्ग दुपारपर्यंत संपावेत आणि संध्याकाळी तिला मैदानावर जाता यावे. दुसऱ्या एखाद्या मुलाला झाडाच्या सालीवरून झाड ओळखता येते, कलमे बांधण्यात त्याचा हात बसला आहे. त्याच्यासाठी मैदान पुरेसे नाही. त्याचा अभ्यासच शेतात, रोपवाटिकेत, जंगलात चालणारा हवा. पहिल्या विद्यार्थिनीसाठी परिसर पाहावा, दुसऱ्यासाठी अभ्यासक्रम पाहावा. या दोन गरजांची गल्लत झाली की निवड फसते.

हे ओळखण्यासाठी पालकांनी मुलाला ‘तुला काय व्हायचे आहे?’ असे विचारण्यापेक्षा, सुटीच्या दिवशी कोणी काही न सांगता तो कोठे जातो आणि काय करतो, याकडे लक्ष द्यावे. त्याचे पाय वाडीकडे वळतात, समुद्राकडे, जनावरांकडे, मैदानाकडे की माणसांच्या घोळक्याकडे? पुढील वाटा त्यानुसार पाहू.

माती आणि झाडे

कोकणातील विद्यार्थ्यांसाठी कृषी शिक्षणाचे मुख्य पीठ म्हणजे दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. त्याची स्थापना १९७२ साली झाली. कृषी, उद्यानविद्या आणि वनशास्त्र या विषयांचे चार वर्षांचे पदवी अभ्यासक्रम तेथे आहेत. आठवड्यातील बराच वेळ प्रक्षेत्रावर, रोपवाटिकेत व प्रयोगशाळेत जातो. कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षी विद्यार्थी गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करतात. त्यास ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणतात. भात, आंबा, काजू, नारळ ही कोकणची पिके हाच तेथील अभ्यासाचा विषय असल्यामुळे आपल्या विद्यार्थ्याला तेथे परके वाटण्याचे कारण नाही. उलट लावणी कशी करतात हे त्याला शहरी सहाध्यायांपेक्षा अधिक ठाऊक असते. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला शेतात पुढे उभे राहण्याची संधी मिळते आणि त्यातून येणारा आत्मविश्वास पुन्हा वर्गात उपयोगी पडतो.

दापोलीला जाण्यापूर्वी या विषयाची ओळख घरच्या अंगणातच करून घेता येते. कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्र हे गोखले एज्युकेशन सोसायटीच्या छत्राखाली चालते. बारावीच्या सुटीत तेथे जाऊन रोपवाटिका पाहावी, तज्ज्ञांशी बोलावे. हे काम आपल्याला आयुष्यभर करायचे आहे का, याचा अंदाज त्या भेटीत येऊ शकतो.

या शिक्षणाला आपल्या भागात भविष्य आहे का, अशी शंका पालक विचारतात. केंद्र शासनाने १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला आणि येथील उद्योगांवर मर्यादा घातल्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने अनेक कुटुंबांना कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मिळाला. वाडी, शेत आणि जंगल शास्त्रशुद्ध रीतीने सांभाळणारी माणसे या भूमीला यापुढेही लागणार आहेत. ती बाहेरून यावीत की आपल्या घरांतून घडावीत, हा प्रश्न आहे.

समुद्र आणि जनावरे

झाई, बोर्डी, डहाणू येथील कोळी व मांगेला कुटुंबांतील मुलांना समुद्राचे ज्ञान वारशाने मिळते. त्या ज्ञानाला शास्त्राची जोड देणारे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगाव येथे आहे. मत्स्यसंवर्धन, मासळीवरील प्रक्रिया, सागरी जीवशास्त्र, जाळी व नौका असे विषय तेथे शिकवले जातात. ज्याला प्रत्यक्ष नौकेवर काम करायचे आहे, त्याने कोची येथील केंद्रीय मत्स्य नौकानयन व अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेची माहिती घ्यावी. वाढवण येथील बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मासेमारीवर होणाऱ्या परिणामांच्या चिंतेने किनाऱ्यावरील अनेक गावांनी त्याला विरोध केला आहे. या वादात कोणाची भूमिका काहीही असो, समुद्राचे शास्त्र जाणणारे आणि आपल्या समाजाच्या वतीने अभ्यासपूर्वक बोलू शकणारे तरुण किनाऱ्याला हवे आहेत, याविषयी दुमत नसावे.

जनावरांची आवड असणाऱ्यांसाठी पशुवैद्यकाची वाट आहे. ही पदवी आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची असून तिचा प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर होतो. परळ येथील मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली स्थापन झाले. अभ्यास कठीण व दीर्घ आहे. केवळ गुरांवर माया आहे एवढ्यावर तो पेलत नाही, जीवशास्त्र व रसायनशास्त्राचा पाया पक्का लागतो.

मैदान, डोंगर आणि गणवेश

धावणे, कबड्डी, फुटबॉल यांत पुढे असलेल्या मुलांना आपण ‘खेळाने पोट भरत नाही’ असे सांगून गप्प करतो. परंतु पोलीस भरतीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. वनरक्षक भरतीत हेच अंतर पुरुषांसाठी ५ किलोमीटर आणि महिलांसाठी ३ किलोमीटर असते. शासकीय नोकरीत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पदवीनंतर दोन वर्षांचा शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम केल्यास क्रीडाशिक्षक होता येते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून या क्षेत्रात आहे. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत मिळवणाऱ्या पदवीधरांना सैन्यातील अधिकारीपदासाठी लेखी परीक्षेविना थेट मुलाखतीची विशेष वाट आहे. मात्र त्यासाठी महाविद्यालयात एनसीसीचे पथक असले पाहिजे. प्रवेशापूर्वीच हे विचारावे, कारण नंतर कळून उपयोग नसतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अनुसूचित क्षेत्रातील वनरक्षक, कृषी सहायक यांसारखी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांमधून भरावीत, अशी अधिसूचना राज्यपालांनी २०१४ मध्ये काढली. तिच्यावरून न्यायालयीन वाद झाले आणि भरती रखडली. म्हणून एकाच भरतीची वाट पाहत वर्षे घालवू नयेत. मैदानावरचा सराव आणि पदवीचा अभ्यास हे बरोबरीने चालावेत.

डोंगर चढण्याचीही एक शाळा असते. मे २०१८ मध्ये राज्याच्या आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. प्रत्येकाने एव्हरेस्टवर जावे असे नाही. परंतु उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था येथे सुमारे महिनाभराचे प्राथमिक शिक्षण घेता येते. पदवीचा अभ्यास न सोडता सुटीत ते पूर्ण होऊ शकते.

शहरातील महाविद्यालय वर्ज्य आहे काय?

मोकळी हवा म्हणजे शहराबाहेर, असा मात्र समज करून घेऊ नये. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय येशूसंघीय धर्मगुरूंनी १८६९ साली स्थापन केले. ते शहराच्या ऐन गर्दीत उभे आहे. तरीही त्याच महाविद्यालयात शिकवणारे फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी पश्चिम भारतातील रानावनात हिंडून वनस्पती गोळा केल्या. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही तेथे आहे. त्यांच्यानंतर फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा सविस्तर अभ्यास केला. ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले आणि १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या दोन धर्मगुरूंची वर्गखोली धोबी तलावापासून सह्याद्रीपर्यंत पसरलेली होती.

तात्पर्य असे की, महाविद्यालयाच्या आवारापेक्षा त्या विषयाचा विभाग विद्यार्थ्यांना किती वेळा बाहेर नेतो हे अधिक महत्त्वाचे असते. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोल, भूगर्भशास्त्र, पुरातत्त्व हे सर्व पायी चालण्याचे विषय आहेत. समाजकार्याचेही तसेच. मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाची स्थापना १९५५ साली झाली. समाजकार्याच्या शिक्षणात वस्त्यांत व गावांत जाऊन केलेले क्षेत्रकार्य हा अभ्यासाचाच भाग असतो. माणसांत रमणाऱ्या मुलीला चार भिंतींचा कंटाळा येत असेल, तर हा मार्ग तिच्यासाठी आहे.

जवळ की दूर?

बोर्डीचे एन. बी. मेहता विज्ञान महाविद्यालय, तलासरीचे कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय, पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय, जव्हारचे गोखले एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, वसईचे संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय अशी साखळी आज आपल्या जिल्ह्यात उभी आहे. तलासरीच्या ज्ञानमाता सदनासारख्या मिशन केंद्रांनी शाळा व वसतिगृहे चालवली, त्यांतून शिकलेली पिढी या महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. ‘गावचे महाविद्यालय म्हणजे कमी प्रतीचे’ हा ग्रह सोडून द्यावा. बोर्डीच्या किनाऱ्यावर जीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ओहोटीच्या वेळी समुद्र हीच प्रयोगशाळा असते. घरी राहिल्यामुळे शेतीचे काम सुटत नाही, खेळ सुटत नाही, खर्चही वाचतो.

याउलट रोजच्या प्रवासाचा हिशेब कोणी मांडत नाही. २०१३ पासून लोकल गाड्या डहाणूपर्यंत येऊ लागल्या आणि मुंबईची महाविद्यालये जवळ आल्यासारखी वाटली. डहाणू ते चर्चगेट हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. एका बाजूस अडीच तास धरले तरी दिवसाचे पाच तास गाडीत जातात. वर्षाचे दोनशे दिवस धरल्यास ते एक हजार तास होतात. पाड्यावरून स्थानक गाठण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. ज्या मुलाची शक्ती धावण्यात आहे, त्याला वर्षाचे हजार तास दाटीत उभे करून ठेवणे हे शिक्षण नव्हे. दूर शिकायचे तर तेथेच राहावे. राहण्याची सोय नसेल तर जवळ शिकावे.

ज्याला घरची वाडी किंवा होडी सोडता येत नाही, त्याच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात काम सांभाळून शिकता येते. मात्र स्वतःला शिस्त लावणाऱ्यालाच ते साधते.

अकरावीतच वाट ठरते

बारावीनंतर निवड करू, असे म्हणणाऱ्यांच्या काही वाटा आधीच बंद झालेल्या असतात. कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र, मत्स्यविज्ञान व पशुवैद्यक या पदव्यांसाठी बारावी विज्ञान शाखेतून करावी लागते. मत्स्यविज्ञान व पशुवैद्यकासाठी जीवशास्त्र लागते, तर कृषी अभियांत्रिकी व नौकानयनासाठी गणित. ज्या विद्यार्थ्याचा निश्चय झालेला नाही, त्याने झेपत असल्यास अकरावीत दोन्ही विषय ठेवावेत. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत. त्यामुळे दहावीच्या निकालापूर्वीच महाविद्यालयांचा पसंतीक्रम घरात बसून ठरवावा. सायबर कॅफेतील रांगेत तो ठरवू नये.

पाहिल्याशिवाय प्रवेश नको

मुलीचे लग्न ठरवताना आपण घर पाहून येतो. मग तीन-चार वर्षे जेथे घालवायची ते महाविद्यालय एकदा पाहून का येऊ नये? पालक व विद्यार्थी यांनी मिळून जावे आणि पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. चालू वर्षाचे वेळापत्रक दाखवा. आठवड्यात प्रात्यक्षिके किती आणि क्षेत्रभेटी वर्षात किती?
२. मैदान महाविद्यालयाचे स्वतःचे आहे का? वर्ग संपल्यावर ते विद्यार्थ्यांना खुले असते का? मुलींनाही?
३. वसतिगृह आवारात आहे की दूर? संध्याकाळी किती वाजता दार बंद होते? मुलींच्या सुरक्षिततेची आणि स्वच्छतागृहांची व्यवस्था कशी आहे?
४. एनसीसी, राष्ट्रीय सेवा योजना, गिर्यारोहण किंवा निसर्गमंडळ प्रत्यक्ष चालू आहे की केवळ माहितीपत्रकात आहे?
५. व्याख्याने कोणत्या भाषेत होतात? मराठी माध्यमातून आलेल्यांना सुरुवातीस साहाय्य मिळते का?
६. मागील वर्षी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी आज कोठे आहेत?

ही उत्तरे कार्यालयात मिळतीलच. पण दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एखाद्या आदिवासी किंवा खेड्यातील विद्यार्थ्याला गाठून तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. ‘पहिल्या दिवाळीनंतर तुम्ही परत आलात ते कशामुळे?’ या एका प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगून जाते.

पैसा आणि कागदपत्रे

योग्य महाविद्यालय सापडूनही कागदपत्रांअभावी प्रवेश हुकल्याचे दुःख अनेक घरांनी सोसले आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमात अनुसूचित जमातीच्या राखीव जागेसाठी केवळ जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. पडताळणीस वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज करावा. आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी, महसुली कागद असे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे जे पुरावे मिळतील ते जपून ठेवावेत. त्या दिवशी अनुसूचित जमातींचा आदेश निघाला. आपल्या ख्रिस्ती आदिवासी कुटुंबांना येथे धाकधूक वाटते. या आदेशात धर्माची अट घातलेली नाही. अनुसूचित जमातीचा दर्जा जमातीवर अवलंबून असतो. त्यामुळे धर्म लपवण्याचे कारण नाही. अर्जात जे खरे आहे तेच लिहावे. एका कागदावर एक नाव आणि दुसऱ्यावर दुसरे, असा घोळ मात्र वेळीच दुरुस्त करून घ्यावा. बाप्तिस्म्याचे नाव व शाळेतील नाव यांत फरक असल्यास याकडे विशेष लक्ष द्यावे.

वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असलेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून भोजन व निवासाची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. ही योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तिची चौकशी डहाणू येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी. इतर मागासवर्गीय व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांना तो उपयोगी आहे.

मुलींसाठी दोन शब्द

मोकळ्या हवेतील शिक्षण मुलांसाठी आणि मुलींनी घराजवळचे कला महाविद्यालय पाहावे, अशी वाटणी अजूनही आपल्या मनात आहे. वस्तुतः लावणीत कंबर वाकवून दिवसभर राबतात त्या स्त्रियाच. रानभाज्यांची, बियाण्यांची सर्वांत अधिक माहिती आजीला असते. मासळीचा बाजार कोळिणीच सांभाळतात. ज्या हातांनी हे ज्ञान जपले, त्याच हातांना त्याची पदवी नाकारणे न्यायाचे नाही. वसतिगृह सुरक्षित आहे याची खात्री करून घ्यावी. पण भीतीपोटी कृषी, मत्स्य किंवा वन शाखेचे दार तिच्यासाठी बंद करू नये.

धर्मग्रामाने काय करावे?

हे काम एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातील नाही. प्रत्येक धर्मग्रामात दापोली, शिरगाव, बोर्डी, पालघर येथे शिकून आलेले दोन-चार तरुण असतात. मे महिन्यातील एखाद्या रविवारी मिस्सानंतर त्यांना दहावी-बारावीच्या मुलांसमोर तासभर बोलते करावे. युवक मंडळाने कागदपत्रांची यादी फलकावर लावावी आणि अर्ज भरण्यास मदत करावी. ज्यांच्या घरी भातशेती आहे त्यांना जूनमध्ये सवड नसते. मच्छीमार बांधवांना मात्र १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात वेळ असतो. लावणीत गुंतलेल्या शेजाऱ्याच्या मुलाला प्रवेशासाठी पालघरपर्यंत सोबत करण्याचे काम त्यांनी उचलले, तर तीही सेवाच होईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वसतिगृहात राहणाऱ्या प्रथम वर्षाच्या मुलांना कोणीतरी भेटून यावे. दिवाळीनंतर मूल परत जाते की नाही, हे त्या एका भेटीवरही ठरू शकते.

सुवार्तेतील तालंतांच्या दाखल्यात एक सेवक आपल्याला मिळालेले धन जमिनीत पुरून ठेवतो. आपली मुले जे घेऊन जन्मली, म्हणजे पायांतील बळ, मातीची जाण आणि समुद्राची ओळख, ते आपण अनवधानाने चार भिंतींत पुरून टाकत नाही ना, हे प्रत्येक पालकाने स्वतःला विचारावे. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी दोन शिक्षिका गुराखी मुलांच्या मागे कुरणावर गेल्या होत्या. आज आपल्या मुलांनी कोणत्या कुरणाची वाट धरावी, हे त्यांच्याबरोबर बसून ठरवण्याची जबाबदारी आपली आहे. लावणीला हात घालण्यापूर्वी एका संध्याकाळी ती बैठक घरात व्हावी.